मसुराची वाटी आणि शांबोंची दारं

फ्रान्सला जाऊन आले म्हटलं की लोक आधी आयफेल टॉवरचे फोटो मागतात. माझ्या फोनमध्ये आहेत ते मसुराच्या वाटीचे, काळ्या दगडाच्या डोंगराचे आणि एका भिंतीवरच्या पाटीचे. पॅरिस मी पाहिलं ते विमानतळापुरतं. माझा भाचा लिओं शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे तीन आठवडे राहिले आणि त्यातले सहा दिवस आम्ही डोंगरातल्या एका गावात काढले. गावाचं नाव ल शांबों-सुर-लिन्यों. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे नुसतं शांबों म्हणते.

फ्रान्सच्या मधोमध मासिफ सांत्राल नावाचा जुना डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेकडच्या पठारावर हे गाव. लिन्यों ही गावातून वाहणारी लहानशी नदी. उंची सुमारे १००० मीटर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. सरकारी भाषेत हे एक 'कम्यून' आहे. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा. फरक इतकाच की तिकडे खेडं असो की पॅरिस, सगळ्यांना कम्यूनच म्हणतात. देशभर अशा सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि प्रत्येकीला आपला मेयर असतो.

आपल्याकडच्यांना चटकन कळावं म्हणून मी शांबोंला फ्रान्सची पाचगणी म्हणते. थंड कोरडी हवा, पाइनची झाडं, मुलांच्या शाळा आणि वसतिगृहं, उन्हाळ्यात पाहुण्यांना खोल्या देणारी घरं. पाचगणीसारखीच या गावाचीही ओळख 'हवापालटाची जागा' अशी झाली. खाली सांत-एत्येन या कोळशाच्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या शहरात मुलं धुरात वाढत होती. १८९३ मध्ये तिथल्या लुई कोंत नावाच्या धर्मगुरूने त्या मुलांना उन्हाळ्यात या पठारावरच्या शेतकऱ्यांकडे राहायला पाठवण्याची व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्यांना चार पैसे मिळायचे, मुलांना दूध आणि मोकळी हवा. अनोळखी पोरं घरात येणं, ताटाला बसणं, गोठ्यात खेळणं ही या गावाची अशी जुनी सवय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आम्ही उतरलो होतो ते गावाबाहेरचं ग्रॅनाइटच्या जाड भिंतींचं शेतघर. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, म्हणजे साठीच्या पुढच्या. भाचा त्यांना 'मादाम' म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. मला फ्रेंच येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, आणि दुभाषा असलेला भाचा सकाळी नऊच्या आत उठत नाही. तरी स्वयंपाकघरात आमचं अडलं नाही. दोन बायका एका चुलीजवळ उभ्या राहिल्या की कांदा केवढा चिरायचा हे हातानेच सांगता येतं.

बुकिंग करताना भाच्याने कळवलं होतं की आम्ही डुकराचं मांस खात नाही, दारू घेत नाही आणि मांस हलाल नसेल तर तेही चालत नाही. मला वाटत होतं की आता सहा दिवस पाव आणि चीजवर काढायचे. पहिल्या रात्री मादामनी ताट पुढे ठेवलं तर त्यात मसूर! आपल्या मसुरापेक्षा दाणा बारीक, रंग हिरवा, त्यावर निळसर काळे ठिपके. इथून जवळच्या ल पुई शहराच्या भोवतीच्या पठारावर तो पिकतो. जमीन ज्वालामुखीच्या मातीची, उन्हाळा कोरडा. त्यामुळे साल पातळ राहते आणि शिजल्यावर दाणा फुटत नाही. १९९६ मध्ये या मसुराला फ्रान्सचं ते मानाचं प्रमाणपत्र मिळालं, जे शाम्पेनच्या वाइनला किंवा रोकफोर चीजला असतं. म्हणजे त्या ठरावीक गावांबाहेर पिकवलेल्या मसुराला हे नाव लावता येत नाही.

तिथली मूळ पाककृती खारवलेल्या डुकराच्या मांसासोबतची आहे. मादामनी ते वगळून गाजर, कांदा, तमालपत्र आणि थाइमची काडी घालून मसूर शिजवला होता. वरून थोडं मोहरीचं सॉस. मी इस्लामपूरकडची. आमच्या रस्त्यावरच्या ढाब्यांची ख्यातीच अख्ख्या मसुरावर आहे, आणि आमच्या घरात शुक्रवारचा डालचा मसुराशिवाय होत नाही. ती वाटी पाहून मला जो आनंद झाला तो भाच्याला समजला नाही. तो म्हणाला, "फुफी, एवढ्या लांब येऊन तुम्ही मसूरच खाणार?" मी म्हटलं, "अरे, एवढ्या लांब येऊन मसूर भेटला, हीच तर बातमी आहे." दुसऱ्या दिवशी मी मादामच्या परवानगीने त्याच मसुराला लसूण, जिरं आणि सोबत नेलेल्या कांदा-लसूण मसाल्याची फोडणी दिली. त्यांनी दोनदा पाणी प्यायलं आणि दोनदा वाढून घेतलं.

तिथल्या खाण्यात आपल्याला चालणारं बरंच काही आहे, हे जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. डोंगरातल्या ओढ्यांमध्ये ट्राउट मासा मिळतो, तो लोण्यात परततात. किसलेल्या बटाट्याचं तव्यावरचं खरपूस धिरडं असतं. आर्देशच्या बाजूला त्याला 'क्रीक' म्हणतात. ऑगस्टमध्ये डोंगरउतारावर मिर्तीय नावाची रानफळं लागतात. जांभळासारखी जीभ रंगवतात, पण आकाराने करवंदाहून बारीक. त्यांचा गोड तार्त मी रोज खाल्ला. खालच्या दऱ्यांमध्ये चेस्टनटचं राज्य आहे. तिथला गरीब माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगला, म्हणून त्या झाडाला 'पावाचं झाड' म्हणायचे. आज त्याचा गोड मुरंबा डब्यात मिळतो. चीज घेताना मात्र विचारून घ्यावं, कारण दूध विरजायला वासराच्या जठरातला रस वापरतात आणि त्यावर आपल्यात मतं वेगवेगळी आहेत. एक चीज तर असं पाहिलं की त्याच्या सालीवर बारीक किडे मुद्दाम वाढवतात. ते मी सर्वांच्या वतीने नम्रपणे नाकारलं. जेवणानंतर तिथे व्हर्बेना या पानाचं हिरवं मद्य देण्याची रीत आहे. आम्ही घेत नाही म्हटल्यावर मादामनी त्याच पानांचा काढा करून आणला. कपाचा मान तोच, आतला पदार्थ बदलला. पाहुणचार म्हणजे एवढंच असतं.

आता चालण्याबद्दल. या भागात पायवाटांचं जाळं आहे. झाडावर, खांबावर, दगडावर रंगाचे पट्टे मारलेले असतात. पिवळा पट्टा जवळच्या फेरीचा, पांढरा-लाल पट्टा लांबच्या वाटेचा. पट्टा दिसत राहिला की वाट बरोबर. शेतातून जाणाऱ्या वाटेवर फाटक लागलं तर उघडायचं आणि मागे लावून घ्यायचं, म्हणजे गुरं बाहेर जात नाहीत. एवढा एक नियम पाळला की कुणी अडवत नाही.

सगळ्यात मोठी चाल आम्ही मेझें या डोंगराची केली. उंची १७५३ मीटर. ऐकायला मोठी वाटते, पण गाडी १५०० मीटरच्या खिंडीपर्यंत जाते. पुढचा तासाभराचा चढ माझ्या गुडघ्यांनीही मान्य केला. पठारावर मध्येच असे गोल, उघडेबोडके सुळके उभे आहेत. स्थानिक बोलीत त्यांना 'स्युक' म्हणतात. हे सगळे विझलेल्या ज्वालामुखींचे अवशेष. पायाखालचा दगड काळा-करडा, तापला की हाताला चटका देणारा. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच. तिथले लोक फोनोलाइट नावाच्या दगडाच्या लाद्या घरांवर कौलांसारख्या घालतात. त्यावर टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो, म्हणून त्याचं नावच 'बोलणारा दगड' अशा अर्थाचं आहे.

माथ्यावर उभं राहिलं की एक गंमत दिसते. पश्चिमेकडे पठार हळूहळू उतरत जातं आणि पूर्वेकडे एकदम कडा तुटतो, खाली दऱ्याच दऱ्या. आपल्याकडे उलटं आहे. महाबळेश्वरला पश्चिमेला कोकणात कडा तुटतो आणि पूर्वेला देश पसरतो. पण पाण्याचा हिशेब सारखाच. मेझेंच्या एका अंगाला पडलेला पाऊस ल्वार नदीतून अटलांटिकला जातो, दुसऱ्या अंगाचा रोन नदीतून भूमध्य समुद्राला. ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, १००० किलोमीटरहून जास्त. तिचा उगम जवळच्या झेर्बिए द जों या सुळक्याच्या पायथ्याशी आहे. तिथे एक नव्हे, तीन उगम आहेत. एकावर 'भौगोलिक', दुसऱ्यावर 'अस्सल', तिसऱ्यावर 'खरा' अशा अर्थाच्या पाट्या. एक तर गोठ्यातल्या नळातून येतो. खरेपणाचा दावा सांगणारे एकापेक्षा जास्त असले की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

झोहरची वेळ डोंगरावरच झाली. आयुष्यभर मी पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढले आहे. तिथे किब्ला आग्नेयेला येतो. गवतावर ओढणी अंथरून मी उभी राहिले तेव्हा समोर मोकळं आभाळ होतं. एक म्हातारं जोडपं काठ्या टेकत वर येत होतं. ते थोडं लांबूनच वळसा घालून गेलं आणि परतताना 'बोंजूर' म्हणालं. फ्रान्सबद्दल मी घरून ऐकून आले होते ते वेगळं होतं. तेही खोटं नाही, त्यावर पुढे बोलते.

रविवारी मादाम प्रार्थनेला निघाल्या तेव्हा मी विचारलं, मी आले तर चालेल का? त्या हसल्या आणि छत्री घेऊन पुढे झाल्या. फ्रान्स हा कॅथलिकांचा देश, पण हे पठार प्रॉटेस्टंटांचं आहे. त्यांच्या प्रार्थनाघराला चर्च नव्हे तर 'तांप्ल' म्हणतात. दगडी दारावर एकमेकांवर प्रेम करण्याबद्दलचं वचन कोरलंय. आत गेले आणि थबकले. मूर्ती नाही, चित्र नाही, मेणबत्त्यांची आरास नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, उंचावर प्रवचनाची जागा आणि उघडं ठेवलेलं पुस्तक. मिंबर आणि मुसहफ बघत वाढलेल्या माणसाला ते घर परकं वाटत नाही.

या साधेपणामागे रक्ताचा इतिहास आहे. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना ह्युगेनो म्हणत. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजाने नांतच्या फर्मानाने त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केलं. प्रार्थनाघरं पाडली गेली, धर्मगुरूंना देश सोडायला लावलं, मागे राहिलेल्यांना कॅथलिक ठरवलं गेलं. लपून प्रार्थना करताना सापडलेले पुरुष गलबतांवर वल्ही मारायच्या शिक्षेला जात आणि बायका तुरुंगात. याच आर्देशच्या डोंगरातली मारी द्युरां १७३० मध्ये एग-मोर्त गावच्या बुरुजात कोंडली गेली, ती सुटली १७६८ मध्ये. अडतीस वर्षं! धर्म सोडते एवढं म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी बाहेर आली असती. त्या बुरुजातल्या दगडावर 'प्रतिकार करा' अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असं सगळे मानतात.

पुढची शंभर वर्षं हे लोक रानात, दऱ्यांत, रात्री जमून प्रार्थना करत राहिले. त्या काळाला ते 'वाळवंटाचा काळ' म्हणतात. दक्षिणेकडच्या सेव्हेन डोंगरात मियाले गावाजवळ याचं संग्रहालय १९११ पासून आहे. धान्याच्या पिंपासारखं दिसणारं, घडी करता येणारं प्रवचनपीठ तिथे आहे. बायकांच्या अंबाड्यात लपेल एवढी चिमुकली धर्मपुस्तकं आहेत. कॅथलिक दफनभूमीत जागा मिळत नसे, म्हणून हे लोक आपली माणसं आपल्याच शेतात, झाडाखाली पुरत. डोंगरी भागात अशा कबरी अजून दिसतात. कबरस्तानच्या जागेसाठी अर्ज घेऊन फिरलेल्या आपल्या माणसांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता त्या भिंतीवरच्या पाटीकडे येते. तांप्लच्या समोर ती आहे. १९७९ मध्ये बसवलेली, आणि बसवणारे होते इथे लपून वाचलेले ज्यू.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. शस्त्रसंधी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जूनला, आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या इथल्या दोन धर्मगुरूंनी याच तांप्लमध्ये सांगितलं की, जुलमाला विरोध करायचा, पण हत्यार उचलायचं नाही, मनाच्या बळावर करायचा. त्या हिवाळ्यात बर्फात एक जर्मन ज्यू बाई त्रोक्मेंच्या दाराशी आली. त्यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला आत घेतलं. मग एकामागून एक लोक येत गेले. कुणी शेतकऱ्यांकडे, कुणी वसतिगृहांत, कुणी शाळेत. इथे ती सांत-एत्येनची पोरं आठवा. या घरांना अनोळखी मुलांची सवयच होती, त्यामुळे शेजाऱ्यालाही नवा चेहरा दिसला म्हणून काही वाटलं नाही.

१६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच हजारो ज्यूंना धरून नेलं, त्यात चार हजारांवर मुलं होती. १० ऑगस्टला विशी सरकारचा एक मंत्री शांबोंत आला तेव्हा इथल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हाती पत्र दिलं. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही फरक करत नाही आणि त्यांना धरायला आलात तर आम्ही लपवू, असा त्याचा मतलब होता. दोन आठवड्यांनी पोलीस बस घेऊन आले. त्रोक्मेंनी यादी द्यायला नकार दिला. पोलिसांनी गोठे, माळे, रानं धुंडाळली, हाती जवळजवळ काही लागलं नाही. एक विशीतला ज्यू तरुण, ऑस्कार रोसोव्स्की, शेतघरात बसून खोटी ओळखपत्रं बनवत होता. कागद मधमाश्यांच्या पेट्यांत लपवायचा. किंमतही मोजावी लागली. त्रोक्मेंचा नातलग दानिएल एक वसतिगृह चालवत होता. जून १९४३ मध्ये गेस्टापोने त्याला मुलांसह नेलं, तो मायदानेकच्या छावणीत मेला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

किती लोक वाचले? पाच हजार हा आकडा बरीच वर्षं सांगितला गेला, अलीकडचे इतिहासकार त्याहून कमी धरतात. जेवढे होते, तेवढ्यांसाठी शांबों, माझे, तांस, फे अशी सगळ्या पठारावरची गावं उभी राहिली. त्यात कॅथलिक घरंही होती. १९९० मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने एका माणसाचा नव्हे, तर शांबों आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या लोकांचा सन्मान केला. गावाने स्वतःहून संग्रहालय उघडलं ते मात्र २०१३ मध्ये. एवढा उशीर का, असं मी मादामना विचारलं. भाच्याने उत्तर सांगितलं ते असं: "आई म्हणायची, दार वाजलं म्हणून उघडलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. मग म्हणाला, "फुफी, हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही हे लिहाल तेव्हा लोक विचारतील, आज गाझात काय चाललंय ते दिसत नाही का? ज्यूंच्या गोष्टी आत्ता कशाला?" त्याचा राग खरा होता. लिओंमध्ये घर शोधताना फोनवर नाव सांगितलं की समोरचा आवाज कसा थंड होतो, ते त्याने मला सांगितलं होतं. शाळांमध्ये २००४ पासून हिजाबवर बंदी आहे, टीव्हीवर रोज मुसलमानांवर चर्चा असते, फक्त मुसलमान तिथे नसतो. हे सगळं त्याच फ्रान्समध्ये घडतं.

मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. गाझातली पोरं डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणूनच ही गोष्ट सांगायची. शांबोंच्या शेतकऱ्याने दारातल्या माणसाला तू कोण, तुझे लोक कसे, उद्या तुझी नातवंडं काय करतील, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीच वाचलं नसतं. जुलूम झालेल्या समाजापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे आपल्या जखमेचा हिशेब मांडत बसायचं आणि जगाने तो फेडेपर्यंत दार लावून घ्यायचं. काही वेळा तर तीच जखम दुसऱ्यावर वार करायचा परवाना होते, आणि ते आपण आज पाहतो आहोत. दुसरा रस्ता शांबोंचा. आपले आजोबा रानात लपले होते, तर आज लपायला आलेल्याला आपलंच माणूस समजायचं. अडीचशे वर्षांपूर्वीची आठवण त्यांनी कुलूप म्हणून वापरली नाही, किल्ली म्हणून वापरली.

आणि आपल्याला ही गोष्ट नवी कुठे आहे? मक्केत छळ सोसणारे पहिले मुसलमान इसवी सन ६१५ च्या सुमारास समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. तिथला ख्रिस्ती राजा नजाशी याने त्यांना आसरा दिला. मक्केचे लोक भेटवस्तू घेऊन त्यांना परत मागायला आले, तेव्हाही त्याने दिलं नाही. त्याने यादी दिली असती तर? मदीनेच्या अन्सारांनी आपल्या घरातलं अर्धं मुहाजिरांपुढे ठेवलं, ते तर आपण पोरांना लहानपणापासून सांगतो. सांगतो, पण आपल्या मोहल्ल्यात दुसऱ्या जमातीचा भाडेकरू आला की कुजबुज करतो. पुण्यात माझ्या एका भाचीने खोली शोधली तेव्हा आडनाव ऐकून तीन फ्लॅट 'कालच गेले' होते. चौथं घर दिलं ते एका जोशी आजींनी, आणि त्यांनी विचारलं ते एवढंच, की मुलगी रात्री उशिरा एकटी येणार असेल तर मी जागी राहू का. हे दोन्ही प्रकार एकाच शहरात, एकाच आठवड्यात घडले. कुठला देश, कुठला धर्म चांगला या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठलं दार उघडलं याला असतं.

भाच्याला हे पटलं का, माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, की मग आजचं शांबों काय करतं तेही बघायला हवं. त्याचं बरोबर होतं, आणि आम्ही ते पाहिलं. गावात आज निर्वासितांसाठी एक सरकारमान्य केंद्र आहे. काँगोपासून कॉकेशसपर्यंतची कुटुंबं तिथे अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहतात. त्यांत मुसलमानही आहेत. त्यांची मुलं गावातल्या शाळेत जातात. सगळ्यांचे अर्ज मंजूर होत नाहीत, गाव त्यांना कायमचं ठेवून घेऊ शकत नाही. कायदा पॅरिसचा असतो. पण शाळेच्या फाटकाशी हिजाबातली एक आई आणि मादामच्या वयाची एक आजी पोरांची वाट पाहत उभ्या होत्या आणि आजी तिच्या बाळाला बिस्किट देत होती, हे मी पाहिलं.

व्हिएन्नाहून पळालेल्या एका ज्यू कुटुंबातला एरिक श्वाम नावाचा मुलगा १९४३ मध्ये इथे आला होता. पुढे तो फार्मासिस्ट झाला, लिओंच्या बाजूला राहिला. डिसेंबर २०२० मध्ये वारला तेव्हा त्याने आपली सुमारे वीस लाख युरोंची मालमत्ता या गावाच्या नावे केली, मुलांच्या शिक्षणासाठी वापरा म्हणून. आधीच्या कुणाचं ऋण पुढच्या कुणाच्या तरी पोरांवर फेडायचं, असा हा व्यवहार. त्या पैशातला काही वाटा काँगोच्या किंवा कॉकेशसच्या एखाद्या मुलाच्या वहीपर्यंत पोचला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

जाणार असाल तर जून ते सप्टेंबर बरं. जूनमध्ये डोंगर पिवळ्या फुलांनी भरतो, ऑगस्टमध्ये मिर्तीय मिळतात. उन्हाळ्यात मीटरगेजची जुनी गाडी पठारावरून धावते, माथेरानची आठवण येते. हिवाळ्यात मात्र 'ब्युर्ल' नावाचा वारा सुटतो आणि बर्फाने वाटा बुजतात. गरम कपडे न्या, किब्ल्यासाठी होकायंत्र न्या, आणि जमलं तर पाव किलो कांदा-लसूण मसाला जास्तीचा न्या. मादामनी डबा भरून ठेवून घेतलाय, त्याचं काय केलं ते पुढच्या पत्रात कळवते म्हणाल्यात.